पाखाडीखालचा फणस आणि चेनसॉ मिल

३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. त्या दुपारी आमच्या दापोली तालुक्यातल्या आगरांची जी दशा झाली ती पाहणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. एक जाड फांदी ठेवून बाकीच्या जळणाला गेल्या. उरला बुंधा: लांबी आठ फूट, मध्यावर गोलाई सहा फूट.

सॉ मिलमध्ये नेऊन फळ्या पाडून आणाव्यात, हा पहिला विचार. पण आमचं घर रस्त्यापासून पाखाडी उतरून खाली. जांभ्याच्या पायऱ्या, दोन वळणं, एका वेळी एक माणूस जाईल एवढीच वाट. बाजारात लाकूड मोजायची रीत अशी: गोलाईचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. दीड गुणिले दीड गुणिले आठ, म्हणजे १८ घनफूट. खरं भूमितीनं काढलं तर हा बुंधा जवळजवळ २३ घनफूट भरतो. मधला फरक साल, बगला आणि भुशात जाणार असं व्यापारी आधीच धरून चालतो. २३ घनफूट म्हणजे साधारण साडेसहाशे लिटर. ओलं फणसाचं लाकूड पाण्याहून फार हलकं नसतं. म्हणजे सहाशे किलोच्या आसपासचं धूड त्या पायऱ्यांवरून चढवायचं. ओंडका गिरणीत जाणार नसेल तर गिरणीनंच ओंडक्याकडे यायला हवं.

पूर्वी त्यासाठी करवत चालवणारी जोडी येई. ओंडका खड्ड्यावर किंवा उंच मांडवावर आडवा टाकायचा, एक जण वर आणि एक खाली. वरचा रेघ सांभाळायचा, खालचा ओढायचा आणि भुसा डोळ्यांत घ्यायचा. आमच्या माळ्यावरच्या फळ्यांवरून अंधारात हात फिरवला तरी त्या करवतीच्या तिरक्या रेघा बोटांना लागतात. ती जोडी आता शोधूनही मिळत नाही. तिच्या जागी चेनसॉ मिल आलं आहे.

नाव ऐकून गिरणी डोळ्यांसमोर येते, पण वस्तू म्हणाल तर एक चौकट. आपल्याकडे लाकूडतोडे ज्याला नुसतं 'कटर' म्हणतात, त्या चेनसॉची चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी या चौकटीत दोन्ही टोकांना आवळायची. चौकटीचे वरचे दांडे ओंडक्याच्या पाठीवर टेकतात आणि पट्टी त्यांच्या खाली, त्यांना समांतर, आडवी राहते. दांडे आणि पट्टी यांच्यात जेवढं अंतर ठेवाल तेवढी फळीची जाडी. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलत न्यायचं, की फळी सुटली. मग खाली उघडी पडलेली सपाट बाजू पुढच्या फळीसाठी रस्ता होते. म्हणजे या यंत्राला स्वतःचं डोकं नाही. वरचा पृष्ठभाग जसा असेल तशीच त्याची नक्कल ते खाली उतरवतं. पहिल्या चिरेला ओंडक्याची पाठ गोल असते, तेव्हा नक्कल कशाची करायची हा प्रश्न येतो. त्याकडे थोड्या वेळानं वळतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. आधी एक दुसरी गोष्ट.

खराटा आडवा कापणं आणि टोकाकडून कापणं

ज्यांनी चेनसॉनं झाडं तोडली आहेत त्यांना वाटतं, मशीन तेच, चेन तीच, मग अवघड काय? अवघड आहे ते लाकडाच्या धाग्यामुळे. झाडाचा बुंधा म्हणजे माडाच्या हिरांचा करकचून बांधलेला खराटा समजा. ओंडक्याचे तुकडे पाडताना चेनचा दात हिरांवर आडवा चालतो. दाताची बाजूची धार हीर तोडते आणि वरची धार मधला तुकडा उचलते. तो तुकडा धाग्याच्या दिशेनं अलगद सुटतो, म्हणून जाडसर चिपट्या उडतात.

मिलमध्ये पट्टी ओंडक्याच्या टोकातून आत शिरते आणि लांबीच्या दिशेनं पुढे सरकते. तिच्यासमोर पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत हिरांची टोकंच असतात. प्रत्येक दाताला ही टोकं खरवडत जावं लागतं. सुटून येईल असा तुकडाच नसतो. म्हणून भुसा बारीक, रव्यासारखा पडतो आणि मशीन धापा टाकतं.

त्यात कापायचं क्षेत्र बघा. आमचा बुंधा आडवा कापला असता तर तीन चौरस फुटांपेक्षा थोडं कमीच लाकूड कापावं लागलं असतं. त्याच बुंध्याच्या मध्यातून फळी काढायची तर आठ फूट लांब आणि पावणेदोन-दोन फूट रुंद, म्हणजे पंधरा चौरस फूट. पाचपट काम, तेही अवघड दिशेनं, मध्ये दम न घेता. तुकडा पाडताना मशीन मिनिटभर पूर्ण ताकदीनं चालतं आणि थांबतं. मिलमध्ये ते दहा-पंधरा मिनिटं सलग पूर्ण दाबलेल्या रेसवर चालतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, चेन वेगळी लागते. नेहमीच्या चेनचे दात वरून पाहिले तर साधारण ३० अंशांत तिरके घासलेले असतात. चिरकामाच्या चेनचे दात जवळजवळ सरळ, १० अंशांच्या आसपास. सरळ दात टोकं तासायला बरा आणि फळीचा पृष्ठभागही गुळगुळीत सोडतो. वेगळी चेन विकत घ्यायलाच हवी असं नाही. नेहमीचीच चेन गोल कानशीनं हळूहळू १० अंशांवर आणता येते. फक्त चिकाटी हवी.

दुसरी गोष्ट इंजिनची. ती मी खिशाला चाट लावून शिकलो. शेजारच्या गावातून ५८ सीसीचं मशीन मागून आणलं, वेल्डिंगवाल्याकडून चौकट करून घेतली आणि सरावासाठी त्याच फणसाची चौदा इंच जाड फांदी घेतली. पहिली फळी झकास पडली. दुसरीच्या मध्यावर आवाज बारीक झाला, चढा झाला, आणि मशीन टक्कन थांबलं. दोरी ओढली तर हलेना. सिलिंडर उघडल्यावर पिस्टनवर नखानं ओरबाडल्यासारखे उभे चरे. ज्याचं मशीन होतं तो एवढंच म्हणाला, "दादा, बैलगाडीला ट्रक जोडलास तू."

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं आणि येणारं पेट्रोल थोडा थंडावाही देतं. मिश्रण हलकं झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, तर ताकद वाढल्यासारखी वाटते, आवाज चढतो आणि पिस्टन भाजतो. तुकडे पाडताना हे खपून जातं, कारण मध्ये विश्रांती मिळते. मिलमध्ये खपत नाही. म्हणून कार्ब्युरेटरचा हाय स्पीडचा स्क्रू किंचित सैल ठेवतात, म्हणजे पेट्रोल जरा जास्त जाईल. एका लिटरला २० मिली ऑइल सांगितलं असेल तर बरेच जण २५ मिली घालतात. चीर संपल्यावर मशीन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू द्यायचं, म्हणजे आतली उष्णता पंख्यानं बाहेर जाते. आणि मुळात इंजिनच मोठं हवं. फूट-सव्वाफूट रुंदीपर्यंत ७० सीसी कसंबसं चालेल. दोन फुटी फणस, ऐन किंवा चिंच असेल तर ९० सीसीच्या खाली उतरू नये. पट्टीचंही तसंच. चौकट आवळण्यात चार-सहा इंच जातात, म्हणून २३ इंची ओंडक्याला ३० इंचांची पट्टी जेमतेम आणि ३६ इंची सुखाची.

चेनला लागणारं ऑइल वेगळं, ते पट्टीवर सतत ठिबकत राहतं. लांब पट्टीवर इंजिनाकडचं ऑइल टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकाकडे एक छोटी बाटली बांधून नळीनं वेगळं थेंब थेंब सोडतात. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरू नका. त्यात धातूचा चुरा असतो आणि ते तुमच्या अंगावर उडतं.

पहिली चीर

डिसेंबरात आमच्या सुतार मिस्त्रींच्या ओळखीचा एक पोरगा मोठं मशीन आणि चौकट घेऊन आला. सकाळी आठला आला आणि साडेदहापर्यंत मशीनला हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं, रोजावर आलाय म्हणून वेळ काढतोय.

त्यानं आधी पहारीनं ओंडका दोन जाड लाकडांवर चढवला. खाली जांभ्याचे चिरे घालू दिले नाहीत. पट्टी चुकून खाली गेली तर जांभ्यावर चेनचे सगळे दात एका क्षणात बोथट होतात. एक टोक दोनेक इंच खाली ठेवलं, म्हणजे मशीन उताराकडे आपल्या वजनानं सरकतं आणि कमरेला ढकलावं लागत नाही. दोन्ही बाजूंना पाचरी ठोकल्या. आमच्यासारख्या उताराच्या जागेत ओंडका घरंगळला तर थेट खालच्या आगरात जाईल. काम करताना वरच्या अंगालाच उभं राहायचं, ही त्याची पहिली ताकीद.

मग साल. कोयत्यानं आणि पारळीनं सगळी साल काढली. सहा महिने जमिनीवर पडलेल्या सालीत माती, वाळू, मुंग्यांची घरं. चेनच्या दृष्टीनं ती साल म्हणजे पॉलिश पेपर.

आणि मग त्यानं ॲल्युमिनियमची शिडी काढली. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर एकेक फळकूट खिळवलं, दोन्हींच्या वरच्या कडा पाणसळीनं एका सपाटीत आणल्या आणि त्यांवर शिडी स्क्रूनं घट्ट बसवली. मध्ये झोळ पडू नये म्हणून खाली चापट पाचरी. पहिल्या चिरेला चौकट गोल पाठीवर न चालता या शिडीवर चालते, म्हणून पहिली चीर सपाट पडते. दोन तोंडांवरच्या कडा एकमेकींशी जराशा जरी फिरलेल्या असत्या तर त्या फळीत पीळ आला असता, आणि तोच पीळ पुढच्या प्रत्येक फळीत. पुढे रंधा मारून तो पीळ काढायचा म्हणजे जाडीतून तीन-चार सूत गेले. आठ सूत म्हणजे एक इंच, हे सुताराच्या पोराला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगितलं. साडेदहापर्यंतच्या त्या खुडबुडीचा रोज मी नंतर आनंदानं दिला.

शिडी बसवण्याआधी मिस्त्रींनी ओंडक्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं. पिवळ्याधमक गाभ्यात सालीपासून चार इंच आत निळसर-काळा, शाई सांडल्यासारखा डाग. "हा बघ, यानं काहीतरी गिळलंय." लाकडातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की असा काळा डाग पडतो आणि तो धाग्याच्या दिशेनं लांबवर पसरतो. घराजवळच्या झाडात लोखंड नाही असं होतच नाही. कपड्यांच्या दोरीसाठी, कुंपणाच्या तारेसाठी, फळ धरत नाही म्हणून, कुणी ना कुणी कधीतरी खिळा ठोकलेला असतो. झाड वाढत जातं आणि खिळा पोटात घेतं. छोटा मेटल डिटेक्टर मिळतो, पण तो फार खोलवरचं सांगत नाही. आम्ही डागाभोवती छिन्नीनं खोदून एक खिळा काढला आणि निर्धास्त झालो. तिसऱ्या फळीला चेन दुसऱ्या खिळ्यावर बसली. ठिणगी, कर्रर्र आवाज आणि सात-आठ दात बोथट.

कानशीबद्दल थोडं सांगायला हवं. लाकूडतोडे दिवसातून दोनदा धार लावतात, मिलवाला जवळजवळ दर फळीमागे लावतो. रव्यासारखा भुसा पिठासारखा पडायला लागला, मशीन ढकलावं लागलं किंवा चिरेतून धूर आला, की थांबायचं. सगळे दात सारखे घासायचे. डाव्या बाजूचे दात उजव्यांपेक्षा तीक्ष्ण झाले तर पट्टी त्या अंगाला ओढ घेते आणि फळी मध्येच जाड किंवा पातळ होते. प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात एका वेळी किती खोल चावणार हे तो ठरवतो. दात घासून बुटके झाले की तो उंचवटाही चपट्या कानशीनं थोडा उतरवावा लागतो, पण बेतानं. जास्त उतरवला तर दात अधाशी होतो आणि मशीन गचके खातं. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणून साग मऊ कापतो असं वाटलं तरी धार लवकर खातो.

चीर पुढे जाईल तशा मागे चिरेत लाकडी पाचरी सारत जायच्या. नाहीतर वरची फळी आपल्या वजनानं बसते आणि पट्टी चिमटते. पाचर लाकडाचीच हवी, लोखंडाची नाही. कारण सांगायला नको.

आता या पद्धतीचा खरा तोटा. चेनचं तोंड अडीच-तीन सूत रुंद असतं. आमच्या ओंडक्याच्या अडीच इंची पाच फळ्या निघाल्या, त्यासाठी सहा चिरा. म्हणजे अठरा सूत, सव्वादोन इंच. जवळजवळ एक अख्खी फळी भुशात गेली. गिरणीतल्या बॅंडसॉचं पातं सुतापेक्षा बारीक चीर पाडतं आणि वेळ याच्या कितीतरी पट कमी घेतं. जाड, रुंद, जिवंत कडा असलेल्या (म्हणजे झाडाची मूळ वळणदार कड तशीच ठेवलेल्या) फळ्या हव्या असतील तर चेनसॉ मिल परवडतं. अर्ध्या-पाऊण इंची फळ्या पाडायला ते आणणं म्हणजे निम्मं झाड उडवून देणं. आणि ट्रक दारात येत असेल तर सरळ गिरणीत जा, असं माझं मत आहे.

कानाला संरक्षण, डोळ्यांना चष्मा, नाकाला नीट बसणारा मास्क आणि पायात बूट. लुंगी, गमछा, सैल बाह्या नकोत. आपल्याकडे हे सांगितलं की लोक हसतात. या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि पोरगा त्यात दिवसाचे पाच तास उभा असतो. एकट्यानं हे काम करू नये.

अजून एक, आणि हे आधीच करायचं. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड बाहेर न्यायचं तर वाहतूक पासही लागू शकतो. आपलं झाड वादळानं पाडलेलं असलं तरी कुऱ्हाड लावण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन या.

पावसाच्या आत

फळ्या पडल्या की निम्मंच काम झालं. ओल्या लाकडातलं पाणी जाताना लाकूड आकसतं, पण सगळीकडे सारखं नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेनं ते जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणून सपाट चिरलेली फळी वाळताना पन्हाळीसारखी वळते, तिच्या कडा सालीच्या बाजूला उचलतात. ज्या फळीत अगदी मधला गाभा येतो ती हमखास तडकते. आमची तिसरी फळी अशीच. मिस्त्रींनी ती वाळण्याची वाट न बघता मधोमध चिरून दोन केल्या.

तोंडाकडून पाणी बाजूपेक्षा कितीतरी पट वेगानं निघतं, म्हणून तडे तोंडाकडून सुरू होतात. ओंडका पडला त्याच आठवड्यात दोन्ही तोंडांना मेण किंवा उरलेला ऑइल पेंट फासायला हवा होता. आम्ही जूनमध्ये कौलं गोळा करत होतो, तेव्हा ओंडक्याकडे कोण बघतो? दोन्ही तोंडांची सात-आठ इंच लांबी तड्यांत गेली. पावसात वरचं पांढरं लाकूडही किड्यांनी पोखरलं. गाभ्याला मात्र काही झालं नव्हतं, फणसाचा गाभा वाळवीला सहज दाद देत नाही. त्याच पावसात आंबा पडून राहिला असता तर बुरशीनं निळा-काळा झाला असता. आंब्याला थांबायला सवडच नसते.

कोकणात फळ्या पाडायची वेळ नोव्हेंबर ते जानेवारी. मग पावसाच्या आत चार-पाच महिने वारा मिळतो. फळ्या पडवीत, जमिनीपासून हातभर वर, एकावर एक रचायच्या. मध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर ओळंब्यात. पट्टी इकडेतिकडे सरकली तर फळी तिथं लाटेसारखी वाकते. सगळ्यांच्या वर वजन हवं. इथं चिरे कामी आले. पांढऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारलं. ते पावसानं धुऊन जातं, म्हणून छपराखालीच.

इंचाला एक वर्ष हा वाळवण्याचा ढोबळ हिशोब. पण किनाऱ्याची हवा पावसाळ्यात वाळवणं जवळजवळ थांबवते. लाकूड हवेतल्या ओलाव्याशी बरोबरी करून थांबतं, आणि जुलैत आमच्याकडे ती बरोबरी बरीच वर होते. अडीच इंची फळ्यांना आम्ही दोन पावसाळे दिले.

त्यातल्या सर्वांत चांगल्या फळीचा झोपाळा झाला. रुंदी अठरा इंच. एका कडेला तो निळा-काळा डाग, मध्ये भरून काढलेलं खिळ्याचं भोक. मिस्त्रींनी खालून दोन आडवे ठोकळे लावले, पण त्यांतली स्क्रूची भोकं गोल न ठेवता लांबट केली. मी विचारलं तर म्हणाले, "ऑगस्टात माप घे, मग सांग." घेतलं. फळी दीड सुतानं रुंद झाली होती. मार्चमध्ये परत मोजली, अठरा इंच.